जुन्या मोटारबोटीचा जीर्णोद्धार करावा काय?

१. प्रश्न कोणता विचारावा

सरोवराकाठच्या एखाद्या कोठारात, ताडपत्रीखाली, वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेली महोगनी लाकडाची मोटारबोट जवळजवळ फुकट मिळते आहे असे कळले, की सामान्य मनुष्य प्रथम विचारतो तो प्रश्न असा, की ही पुन्हा पाण्यावर आणता येईल काय. या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थीच येते. कारण पैसा, काळ आणि कसबी सुतार या तिन्ही गोष्टी हाताशी असतील, तर ज्या बोटीच्या केवळ बरगड्या उरल्या आहेत तीसुद्धा पुन्हा पाण्यावर आणता येते. ज्या प्रश्नाचे उत्तर सदैव एकच येते त्याच्या आधारे निर्णय घेता येत नाही, आणि म्हणूनच या प्रकरणात आपण दुसऱ्या, अधिक कठीण प्रश्नाकडे वळणार आहोत: ती आणावी काय, आणि आणल्यावर तिला कोण सांभाळणार?

हा प्रश्न मुख्यत्वे अमेरिकेतील व कॅनडातील गोड्या पाण्याच्या सरोवरांभोवती उद्भवतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी सरोवराकाठी घर घेतले, त्यांच्यापुढे तो शेजाऱ्याच्या कोठारातून अकस्मात उभा राहू शकतो. १९८१ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ऑन गोल्डन पाँड’ या चित्रपटाने न्यू हॅम्पशायरमधील एका सरोवरावर धावणारी क्रिस-क्राफ्ट बनावटीची महोगनी बोट लक्षावधी प्रेक्षकांपुढे आणली, आणि जुन्या बोटींची ओढ असलेल्यांची संख्या त्यानंतर वाढली, हेही येथे नमूद केले पाहिजे; कारण चित्रात दिसणारी चकाकी आणि तळाशी लपलेले वास्तव यांतील अंतर हाच या प्रकरणाचा विषय आहे.

२. या बोटी कोणत्या, आणि त्या कोठारात कशा गेल्या

मिशिगन राज्यात सेंट क्लेअर नदीच्या काठी अल्गोनॅक नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८६१ साली जन्मलेल्या ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ याने आपल्या हेन्री या भावासह १८७४ मध्ये, म्हणजे वयाच्या तेराव्या वर्षी, पहिली नाव बांधली. आणि पुढे त्याच्या व त्याच्या मुलांच्या कारखान्यातून ‘क्रिस-क्राफ्ट’ या नावाने ज्या बोटी बाहेर पडल्या, त्यांनी अमेरिकन मध्यमवर्गाला मोटारबोटीचा परिचय करून दिला. पहिल्या महायुद्धानंतर शिलकी पडलेली विमानांची इंजिने अल्प मोलात घेऊन ती बोटींत बसवावयाची, आणि एकाच नमुन्याच्या बोटी ठरीव साच्यांवरून बांधून किंमत आटोक्यात ठेवावयाची, अशी त्यांची रीत होती. त्याच अल्गोनॅकमध्ये गार वुड याने वेगाची हौस पराकोटीला नेली. १९३२ मध्ये त्याची ‘मिस अमेरिका दहावी’ ही बोट ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावली. जॉन हॅकर हा या परंपरेतील श्रेष्ठ आरेखक. इटलीत लागो द'इझेओ या सरोवराकाठच्या सार्निको गावी कार्लो रिवा याने १९६२ पासून बांधलेली ‘अक्वारामा’ ही याच वंशातील, परंतु श्रीमंतांच्या घरची. तिच्या बाजारभावाला पुढील हिशेब लागू पडत नाहीत.

मग काचतंतूंच्या बोटी आल्या. त्यांना दर वसंतात रोगण द्यावे लागत नाही, त्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत नाही, आणि हिवाळाभर अंगणात उघड्या पडल्या तरी त्यांना फारसे काही होत नाही. क्रिस-क्राफ्टने लाकडी बोटी बांधणे १९७१ च्या सुमारास संपवले. ज्यांच्या दारी लाकडी बोट होती त्यांनी एका वर्षी निगा पुढे ढकलली, दुसऱ्या वर्षीही ढकलली, आणि तिसऱ्या वर्षी बोट कोठारात गेली.

३. तळाची रचना

वेगवान बोटीचे आयुष्य तिच्या तळावर अवलंबून असते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बोट ताशी पन्नास किलोमीटर वेगाने धावू लागली म्हणजे पाणी तिला मृदू राहत नाही. लाटेमागून लाट तळावर आदळते, आणि प्रत्येक आघात फळ्यांकडून स्क्रूंकडे, स्क्रूंकडून बरगड्यांकडे व बरगड्यांकडून कण्याकडे पोहोचतो. म्हणून या बोटींना तळाशी फळ्यांचे दोन थर देत असत. आतला थर कण्याशी तिरपा, बाहेरचा बोटीच्या लांबीने, आणि दोहोंच्या मध्ये चिकट लुकणात भिजवलेले कॅनव्हासचे कापड. या कापडाने पाणी अडवावयाचे, आणि दोन दिशांनी जाणाऱ्या फळ्यांनी एकमेकींना आवळून धरावयाचे, अशी ती योजना होती व ती उत्तम होती. मात्र तिचे आयुष्य काही दशकांचेच होते. लुकण वाळून भुगा झाले, की दोन थरांच्या मध्ये पाणी साचते, आणि जेथे ना ऊन पोहोचते ना वारा, अशा त्या पोकळीत लाकूड कुजण्यास आरंभ होतो. हे सर्व बाहेरून दिसत नाही. वरचा रंग गुळगुळीत असतो.

४. लाकूड पाणी पिते, म्हणजे काय होते

पावसाळ्यात कोकणातील घराचे दार चौकटीत अडकू लागते, आणि दिवाळीनंतर तेच दार विनासायास उघडू लागते. तळाच्या फळ्यांचेही तसेच आहे. लाकडाच्या तंतूंच्या भित्तिकांत पाणी शिरले की ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. लांबीत जवळजवळ वाढत नाही. वजनाच्या सुमारे ३० टक्के इतके पाणी शोषल्यावर भित्तिका तृप्त होतात आणि फुगणे थांबते.

याचा लहानसा हिशेब करून पाहू. खरी महोगनी ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरडी होईपर्यंत रुंदीत ३ ते ४ टक्के आकसते. कोठारात वाळलेल्या फळीत १५ टक्के पाणी असेल, आणि पाण्यात ठेवल्यावर ते ३० टक्क्यांवर जाईल, तर एकंदर मर्यादेच्या निम्मा बदल झाला. म्हणजे रुंदीत दीड ते दोन टक्के वाढ. दीडशे मिलिमीटर रुंद फळी या हिशेबाने सुमारे दोन ते तीन मिलिमीटर फुगेल. कण्यापासून कडेपर्यंत अशा पाच फळ्या शेजारी शेजारी असल्या, तर बोटीच्या एकाच बाजूचा तळ दहा ते पंधरा मिलिमीटर जागा मागेल.

या हिशेबाला व्यावहारिक महत्त्व फार आहे. बोट वाळली असताना सांधे उघडे दिसतात, आणि कोणी उत्साही मनुष्य त्यांत दगडासारखे कठीण होणारे एपॉक्सी भरून टाकतो. मग पाण्यात गेल्यावर फळ्यांना फुगण्यास जागा उरत नाही, त्या एकमेकींना रेटतात, आणि त्या रेट्याखाली स्क्रू उपटले जातात किंवा बरगड्या तडकतात. तळावर काचतंतूंचे कापड व पॉलिएस्टर राळ चढवणे हा याहून घातक उपाय होय. लाकूड आतून हलत राहते, राळ हलत नाही. दोहोंत फट पडते, तीत पाणी अडकते, आणि ताठ आवरणाच्या आत बोट गुपचूप कुजते. जिच्या तळाला असे आवरण आहे तिचा तळ संपूर्ण बदलावा लागेल असेच गृहीत धरून पुढील विचार करावा.

५. एक स्क्रू बाहेर काढून पाहावा

तपासणीसाठी फार साहित्य लागत नाही: एक दोरी, एक आरी, एक पेचकस, विजेरी, आणि जमिनीवर पाठ टेकून तासभर पडण्याची तयारी.

प्रथम दोरी. नाळेपासून पिछाडीपर्यंत कण्याला लागून ती ताणून धरावी. कणा दोरीपासून मध्यभागी दूर गेला असेल, किंवा गाडीवर चुकीच्या ठिकाणी टेकवून ठेवल्यामुळे मागील भागाचा तळ आत दबला असेल, तर बोटीचा आकार बिघडला आहे असे समजावे. मागील चार-पाच फुटांतील असा दबलेला तळ पाण्यावर बोटीचे नाक खाली दाबतो, आणि ती वेगात असताना हा दोष केवळ सौंदर्याचा राहत नाही.

मग आरी. पिछाडीचे खालचे कोपरे, नाळेचे बूड, बाजू व तळ जेथे मिळतात ती कड, आणि डेकच्या कडांखालचा भाग, या जागी ती हलक्या हाताने टोचावी. निरोगी लाकूड टोक आत घेत नाही. कुजलेले लाकूड ते मुकाट्याने घेते, आणि बाहेर काढताना टोकावर तपकिरी ओलसर भुसा येतो. गोड्या पाण्यातील बोटींना खरा शत्रू सरोवराचे पाणी नसून वरून गळणारे पावसाचे पाणी असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून जिच्यावरची ताडपत्री फाटली होती तिच्या डेकखाली विजेरी घेऊन अधिक वेळ घालवावा.

शेवटी स्क्रू. फळीवर ठराविक अंतरावर लहान गोल ठिपके दिसतात. ती स्क्रूच्या डोक्यावर ठोकलेली लाकडी बुचे होत. एका बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडून ते तुकड्या-तुकड्याने उकलावे, आत साचलेले जुने रोगण स्क्रूच्या खाचेतून टोकदार हत्याराने खरवडून काढावे, पेचकस खाचेत बरोबर बसला आहे याची खात्री करून घ्यावी, आणि मग घाई न करता तो फिरवावा. स्क्रू सावकाश, कुरकुरत, अखंड बाहेर आला आणि त्याचे आटे धारदार असले, तर समाधान मानावे. परंतु जुन्या बोटींत पितळेचे स्क्रू पुष्कळदा सापडतात, आणि पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचे मिश्रण. ओलाव्यात त्यातील जस्त वर्षानुवर्षे निघून जाते आणि मागे राहते ते सच्छिद्र, गुलाबी झाक असलेले, बोटांत मोडणारे तांबे. असा स्क्रू फिरवताच मानेपाशी तुटतो, किंवा बाहेर आला तरी मध्यभागी सुईसारखा बारीक झालेला दिसतो. नाळेजवळ, इंजिनाखाली, पिछाडीजवळ व कण्यालगत अशा निरनिराळ्या जागांचे आठ-दहा स्क्रू काढून पाहावेत. त्यांतील तीन-चार असे निघाले, तर न पाहिलेल्या हजारो स्क्रूंविषयी अधिक पुरावा मागू नये. तळ उलगडून नव्या सिलिकॉन ब्राँझच्या स्क्रूंनी पुन्हा बांधावा लागेल, आणि खर्चाचा सर्वांत मोठा आकडा येथेच मुक्रर होतो.

माझे स्पष्ट मत असे आहे, की या तासाभराच्या तपासणीपूर्वी कोणीही बोटीचे पैसे देऊ नयेत, फुकट मिळत असेल तर ती घरीही आणू नये. एकदा दारात आली, की तपासणारे डोळे मालकाचे डोळे होतात.

६. किती जुने ठेवावे

तळ बदलावयाचा ठरला, म्हणजे मूळच्या रीतीने कॅनव्हास व लुकण घालावे, की दोन थरांच्या मध्ये आजचे लवचीक पॉलियुरेथेन चिकटवण, ज्याला त्या क्षेत्रात सर्वजण ‘५२००’ या क्रमांकानेच ओळखतात, ते वापरावे, असा प्रश्न येतो. बोट पाण्यावर चालवावयाची असेल तर मी निःशंकपणे दुसऱ्या मार्गाची शिफारस करतो: हे चिकटवण लाकडाबरोबर ताणले जाते, पाणी आत येऊ देत नाही, आणि दर वसंतात फळ्या फुगेपर्यंत बोट गळत ठेवण्याची गरज उरत नाही.

तळापलीकडे मात्र हात आखडता घ्यावा. १९७५ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे स्थापन झालेल्या ‘अँटिक अँड क्लासिक बोट सोसायटी’ने घातलेला दंडक या बाबतीत मार्गदर्शक आहे: डेक व पाण्यावरील बाजू यांतील निदान ६० टक्के साहित्य मूळचे असेल, तरच बोटीला ‘जतन केलेली’ म्हणावे. झिजलेली फळी पालटणे आणि डाग पडलेली फळी पालटणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि या दंडकामुळे ते डोळ्यांपुढे राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच महोगनीचा तुटवडा होता, त्यामुळे १९४६ च्या सुमारास बांधलेल्या काही क्रिस-क्राफ्ट बोटींना सीडरच्या फळ्या लावून त्या रंगवण्यात आल्या होत्या. अशा बोटीचा रंग खरवडून तिला महोगनीची झळाळी देणे हा जीर्णोद्धार नव्हे.

७. इंजिन आणि कागदपत्रे

इंजिनाची भीती नवख्याला सर्वांत अधिक वाटते. ती तितकी साधार नाही. त्या काळची सहा सिलिंडरची पेट्रोल इंजिने साधी आहेत, ती समजणारे यांत्रिक अजून आहेत, सुटे भागही मिळतात. पाहावयाचे ते एवढेच, की थंडीपूर्वी पाणी न काढल्यामुळे ते गोठून ब्लॉक तडकला आहे काय, आणि हाताने फिरवले असता दंड फिरतो काय. एक गोष्ट मात्र विसरू नये: पेट्रोलची वाफ हवेहून जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. म्हणून जुनी टाकी व नळ्या कितीही शाबूत दिसल्या तरी बदलाव्यात, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी तळातील हवा बाहेर फेकणारा पंखा अवश्य चालवावा.

कागदपत्रांचा विषय त्या मानाने आनंदाचा आहे. व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियमच्या दप्तरात क्रिस-क्राफ्ट कारखान्याचे अभिलेख जतन केलेले आहेत. बोटीवर कोरलेला क्रमांक, उदाहरणार्थ बावीस फुटी स्पोर्ट्समन बोटीवरील ‘यू-२२’ने आरंभ होणारा, कळवला असता तिच्या मूळ नोंदीची प्रत मिळू शकते, आणि तीत कोणते इंजिन बसवले होते, ती कोणत्या दिवशी, कोणत्या गावी रवाना झाली, असा तपशील आढळतो. तपासणीच्या आधी हा दाखला मागवावा. बोटीतील इंजिन मूळचे आहे, की मागाहून घातलेले, हे एका कार्डावरून निश्चित होते, आणि सौद्यात त्याचा उपयोग होतो.

८. जमाखर्च

आता हिशेबाची रीत पाहू. पुढील आकडे काल्पनिक आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावच्या कारागिराचे अंदाजपत्रक घालावे. समजा, बोट ३,००० डॉलरला मिळाली. तळाचे काम १८,०००, इंजिन ७,०००, रोगण, क्रोमचा मुलामा व आसने मिळून ९,०००, आणि गाडी ३,०००. एकूण ४०,०००. तशीच, कोणी दुसऱ्याने उत्तम रीतीने सिद्ध केलेली बोट बाजारात २२,००० ला मिळते आहे असे धरू. फरक १८,००० चा. हा फरक अपवाद नसून सामान्य जातीच्या बोटींत जवळजवळ नियम आहे. आणि यावरून निघणारे उत्तर सरळ आहे, की ज्याला केवळ जुन्या बोटीत बसून सरोवरावर हिंडावयाचे आहे त्याने सिद्ध झालेली बोट विकत घ्यावी.

स्वतःच्या हाताने काम केल्यास खर्च पुष्कळ उतरतो, परंतु मग तास मोजावे लागतात. काम ४०० तासांचे आहे आणि आठवड्याला आठ तास मिळतात, तर ५० आठवडे झाले. मिशिगनच्या हिवाळ्यात न तापवलेल्या कोठारात चिकटवणे व राळ नीट बसत नाहीत, म्हणजे वर्षातील निम्मा काळ गेला, आणि एका वर्षाची दोन वर्षे झाली. शिवाय ते उरलेले उबदार महिने म्हणजेच बोट चालवण्याचे महिने. हे कुटुंबासमवेत बसून, आधी, ठरवले पाहिजे.

फरक सोसण्याची योग्य कारणे मला तीनच दिसतात: बोटीचा नमुना दुर्मिळ असणे, ती आपल्याच घरातील असणे, किंवा सुतारकाम हाच आपला आनंद असणे. सार्वजनिक मोलाची नौका या हिशेबाबाहेरची समजावी. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधून १८१७ साली पाण्यात उतरवलेली ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे दीर्घकाळच्या जीर्णोद्धारानंतर आजही तरंगते आहे, आणि तिथे कोणी विक्रीच्या किमतीशी खर्चाचा ताळा घालून पाहिला नाही, हे उचितच झाले.

९. पुढच्या वर्षी कोण?

रोगणाचे डझनभर हात दिले तरी ऊन ते खात राहते. दर वर्षी घासून एक-दोन हात पुन्हा द्यावे लागतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर नौका पावसाळ्यापूर्वी ओढून घेतात, झापांखाली शाकारतात, सांधे तपासतात, तेल-रंग देतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटतात. हा क्रम कोणी मोडत नाही म्हणून त्या नौकांना जीर्णोद्धाराची वेळ सहसा येत नाही, फळी झिजली की फळी बदलते. सरोवराकाठच्या मोटारबोटीचा हाच क्रम तुटला, आणि म्हणून ती कोठारात पोहोचली. तेव्हा ४०,००० डॉलर खर्चूनही तो क्रम पुन्हा सुरू करण्यास घरात कोणी नसेल, तर दहा वर्षांनी ती पुन्हा त्याच अवस्थेत सापडेल. मालकाचे वय, त्याचे गुडघे, मुलांची आवड, कोरड्या जागेची सोय, या गोष्टी अंदाजपत्रकात स्क्रूंच्या आधी लिहाव्यात.

१०. नकार द्यावयाचा ठरल्यास

नकार म्हणजे बोटीचा नाश नव्हे. प्रथम ती आहे त्या स्थितीत, तपासणीतील सर्व दोष लेखी सांगून, ज्याला ती पेलेल अशा मनुष्यास देऊ करावी. दुर्मिळ नमुना असेल तर न्यू यॉर्क राज्यातील क्लेटन येथील अँटिक बोट म्युझियमसारख्या संस्थेस विचारून पाहावे. कोणीच पुढे आले नाही, तर तोडण्यापूर्वी आकार बिघडलेला नसेल अशा बरगड्यांची पुठ्ठ्यावर मापे उतरवून घ्यावीत, कारण त्याच नमुन्याची दुसरी बोट दुरुस्त करणाऱ्याला ती सोन्याच्या मोलाची ठरतात. इंजिन, पंखा, सुकाणू, नाळेवरची धातूची पट्टी, घड्याळासारखी गोल मापक यंत्रे, काचेची चौकट, मूळ क्रमांक कोरलेला तुकडा, हे सर्व सुटे करून प्रत्येकाला चिठ्ठी बांधावी व त्यावर बोटीचा क्रमांक लिहावा. बरगड्या व फळ्या जाळावयाच्या असल्या तर त्यांवरील जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो; म्हणून त्या शेकोटीत न घालता नगरपालिकेच्या नियमाप्रमाणे त्यांची विल्हेवाट लावावी.